वीणेला पाय नसतात

मच्छिंद्रबुवांचा आवाज कसा होता हे सांगायचं, तर सुरुवात गाढवापासून करावी लागते.

मढीच्या जत्रेत गाढवांचा बाजार भरतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. बुवा तेव्हा बुवा नव्हते, नुसता मच्छिंद्र होता, मिसरूड फुटलेला. बाजाराच्या कडेला लिंबाखाली तो भजनाला बसला आणि त्यानं पहिली तान घेतली, तशी अख्ख्या बाजारातली गाढवं ओरडायची थांबली. त्यातलं एक पारनेरच्या माणसानं नुकतंच विकत घेतलं होतं. दावं ओढून ओढून बिचाऱ्याच्या तळहाताला फोड आले, पण भैरवी होईपर्यंत गाढव जागचं हललं नाही. भैरवी झाली, तसं आपण होऊन मालकाच्या पुढं चालायला लागलं आणि पारनेर येईस्तोवर एकदाही सूर सोडून ओरडलं नाही. त्या माणसाला मी पुढं भेटलो. गाढवालाही भेटलो.

गावात मला बन्सीनाना म्हणतात आणि माझं बोलणं चाळणीतून गाळून घेतात. गाळा. पण गाढव गाळलं तरी आवाज खाली उरतोच. तो आवाज मी ऐकलाय. दुपारच्या उन्हात माठातलं पाणी प्यावं तसा घशाखाली उतरायचा. आज मच्छिंद्रबुवांचं नगरला, सावेडीत, गाण्याचं विद्यालय आहे, बंगला आहे, आणि मोबाईलवर त्यांचे अभंग लोक ट्रॅक्टर चालवताना ऐकतात.

आणि त्यांची पहिली बायको आमच्या गावची. कडूबाई.

कडूबाई माझ्याच आळीतली, माझ्याहून लहान, मला दादा म्हणते. बाकी गाव तिला आत्या म्हणतं. लग्न होऊन ती दोन डोंगर ओलांडून मच्छिंद्राच्या गावी गेली, तेव्हा तिला दोन्ही कान होते, हे मी सांगतो. चिंचेवर चढून मी खालून जाणाऱ्या कुणाची नक्कल करत असलो, तर ही ओढ्यापलीकडून ओरडायची, "दादा, ऐकू येतंय बरं!" लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात ती परत आली ती एकाच कानाची. मच्छिंद्र रियाजाला बसला होता, हिच्या हातून तांब्या निसटला, फरशीवर वाजला. त्याचा सूर मोडला. तो उठला आणि त्यानं हिच्या डाव्या कानाखाली अशी काही वाजवली, की आतलं सगळंच बंद झालं. रक्त आलं, मग पू आला, मग काहीच आलं नाही. आवाजसुद्धा.

एवढ्यावर थांबतं, तर लोकांनी नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण मच्छिंद्रानं दुसरं लग्न करताना सांगितलं, की पहिली जन्माची बहिरी होती, बापानं फसवून गळ्यात मारली. गोड गळ्यातून आलेली गोष्ट लोकांना खरी वाटते. ती डोंगर ओलांडून आमच्या गावात त्याच्या अभंगांच्या आधी पोहोचली. कडूबाईचा बाप भला माणूस. बाजारात, चावडीवर, पाव्हण्यारावळ्यांत 'बहिरी पोरगी खपवली' हे ऐकत ऐकत म्हातारा झाला आणि गेला. धाकट्या बहिणीला स्थळं येईनात. आली ती "ही तरी ऐकते का?" असं विचारायची. शेवटी तिला बिजवराला दिली.

मी तेव्हाच सगळ्यांना सांगत फिरलो होतो, की पोरीला ऐकू येत होतं. लोक म्हणाले, "बन्सी सांगतोय? मग नक्कीच बहिरी असणार."

कडूबाईनं एका कानावर संसार निभावला. भावाची शेती, भावाची पोरं, आता नातवंडं. आणि त्या कानाचा तिनं एक नेम केला. ऐकण्यासारखं काही असलं, की उजवी बाजू पुढं करायची. ऐकण्यासारखं नसलं, की मान हळूच वळवून डावी. भांडण नाही, तंटा नाही. सावकार, पुढारी, विम्याचे एजंट यांच्याशी ती तासन्‌तास डाव्या कानानं बोलली. माझ्या गोष्टींनाही बहुतेक वेळा डावाच मिळतो. पण भोंग्यावर मच्छिंद्रबुवांचा अभंग लागला, की हातातलं खुरपं थांबायचं आणि उजवा कान देवळाकडं व्हायचा. एकदा तिची सूनबाई, भाच्याची बायको दिपाली, न राहवून म्हणाली, "आत्या, त्यानं तुमचं एवढं वाटोळं केलं, अन्‌ तुमी त्याचंच गानं ऐकता व्हय?"

कडूबाई म्हणाली, "गानं मला कधी मारलं न्हाई बाई."

आता वीणेचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मार्गशीर्षात आमच्या गावी हरिनाम सप्ताह असतो. सप्ताह बसला, की वीणा उठते, आणि काल्यापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात. ज्याचा पहारा, त्यानं उभं राहायचं, बसायचं नाही. पहारा बदलताना येणारा आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, आणि मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. बाप पोराच्या पाया पडतो, सासू सुनेच्या. कारण पाया वीणेच्या पडायचं, माणसाच्या नाही, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं.

बाकीच्या गावांत वीणा बाप्यांकडं. आमच्याकडं दुपारचा पहारा बायांचा. एका वर्षी सगळे बापे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, राहुरीपासून कोल्हापूरपर्यंत पांगले, आणि सप्ताहाला गावात म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या. त्यांनी पदर खोचला आणि वीणा घेतली. पुढं बापे परत आले, पण म्हाताऱ्यांनी पहारा परत दिला नाही. त्यात जेवणानंतरचा पहारा कडूबाईचा. तो तिच्याकडं इतकी वर्षं आहे, की लोक म्हणतात, कडूआत्या उभी राहिली म्हणजे आमटीचं पातेलं रिकामं झालं समजावं.

यंदा सप्ताहाची कमिटी पोरांच्या हातात आली. ओंकार अध्यक्ष. पोरगा चांगला, धावपळीचा, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट मोठी लागते. भोंगा मोठा, मंडप मोठा, फ्लेक्स तर इतका मोठा की वाऱ्यानं फुगला तेव्हा त्याला धरायला गेलेली दोन माणसं शेजारच्या गावात उतरली. त्या फ्लेक्सवर मच्छिंद्रबुवा, हात जोडून.

म्हाताऱ्या माणसांत चुळबुळ झाली. मी ओंकारला म्हणालो, "अरे, कडूबाई हाय गावात."

"नाना, मला म्हाईत हाय." तो म्हणाला. "पन ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं. मानूस वेगळा, कला वेगळी. आपन कलेला बोलावतोय."

"मग फ्लेक्सवर फोटो कुनाचा लावला?"

तो फोन आल्यासारखं करून निघून गेला.

कडूबाईला कुणी विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "येऊ द्या. गावाचं पुण्य हाय."

ठरलं होतं असं, की बुवा संध्याकाळी येतील, कीर्तनाआधी मानाचा पहारा म्हणून वीणा गळ्यात घेतील, एक अभंग म्हणतील. पण आदल्या दिवशी बुवांचा निरोप आला, की संध्याकाळी देवळाली प्रवराला कार्यक्रम लागलाय, मी दुपारीच येतो. ओंकार म्हणाला, या. जेवणाच्या पंगती पुढं ओढल्या, मंडपात सतरंज्या वाढवल्या, सगळं सगळं बघितलं. फक्त दुपारची वीणा कुणाच्या गळ्यात असते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वीणा रोज असतेच, म्हणून तिच्याकडं कुणी बघत नाही.

बुवा आले. पांढरी गाडी, पांढरं धोतर, पांढरी दाढी. सोबत पेटीवाला, पखवाजवाला आणि मोबाईल काठीला लावून चित्रण करणारा एक जण. मंडप तुडुंब. शाल झाली, नारळ झाला. ओंकारनं माईकवर मोठ्या आवाजात सांगितलं, "आता परमपूज्य बुवा आपल्या गावाच्या वीणेची सेवा स्वीकारतील!" आणि बुवा हात जोडून वीणेकऱ्याकडं वळले.

समोर कडूबाई.

नऊवार लुगडं, कपाळाला बुक्का, गळ्यात वीणा, बोट तारेवर. बुवांनी तिला ओळखलं, हे मी शपथेवर सांगतो, कारण त्यांच्या जोडलेल्या हातांतली बोटं एकदम आवळली. पण मुरलेला माणूस. चेहऱ्यावर काही न येऊ देता ते पाया पडायला वाकले.

कडूबाई एक पाऊल मागं सरली.

बुवा वाकलेले, आणि पुढं नुसती सतरंजी.

"आत्या," ओंकार हळूच म्हणाला, "पहारा बदलायचाय."

"बदलू की. पन यांना न्हाई देनार."

"अहो आत्या, असं कसं! मानाचा पहारा हाय. लोक बघत्यात."

"बघू द्या. लोकांनी बघावं म्हनूनच तर बोलावलं न्हवं तू?"

"आत्या, मी तुम्हाला समजावून सांगतो. मानूस वेगळा असतो, कला वेगळी असती…"

"मग कलेला धाड की वीना घ्यायला. मानूस कशापायी आला?"

पुढं बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ओंकारनं माझ्याकडं बघितलं. मी टाळाची दोरी नीट करायला लागलो.

मग गावातले शहाणे उठले. एक म्हणाला, बाई, आपण पाया माणसाच्या पडत नाही, वीणेच्या पडतो. त्यांनी तुझ्या पाया पडायचं ते वीणेच्या, आणि तू त्यांच्या पडायचं तेही वीणेच्या. यात तुझं काय जातंय?

कडूबाईनं वीणा खालपर्यंत न्याहाळली. "वीनेला पाय कुठं हायेत?" ती म्हणाली. "भोपळा हाय, दांडी हाय, तार हाय. पाय मला हायेत आन्‌ यांना हायेत."

शहाणा खाली बसला.

"सांगते," कडूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, पण माईक ओंकारच्या हातात चालू होता आणि भोंगा मोठा होता. "मला काय नको. पैसा नको, पाया पडनं नको. यांनी हितं वीनेम्होरं सांगावं, की मी जन्माची बहिरी न्हवते, आन्‌ माझ्या बापानं कुनाला फसवलं न्हाई. एवढं बोलले, की वीना यांच्या गळ्यात. तवर माझ्या."

 वीणा खाली ठेवता येत नाही, ओढून घेता येत नाही. वीणेकऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडं नियम. बिचारा ओंकार, त्याच्या मोठ्या मंडपात मधोमध एक म्हातारी उभी, आणि सगळं तिच्यापाशी येऊन अडलेलं.

बुवा हसले. छान हसतात. म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. माउलींचा राग आहे. आधी आपण सेवा करू, मग बघू." आणि तिथंच, वीणेविना, बैठकीवर बसले. पेटीवाल्याला सूर दाखवला आणि भीमपलास लावला.

आता काय सांगू? इथं थाप मारायची गरजच पडत नाही. दुपार होती, भीमपलास दुपारचाच, आणि त्या माणसानं तो असा लावला, की आमटीच्या पातेल्यापाशी भांडी घासणाऱ्या बायांनी राख हातात धरून ठेवली. माझ्या शेजारचा म्हातारा, ज्यानं बायकोच्या मयतीलाही डोळा ओला केला नव्हता, तो टोपीनं तोंड पुसत होता. मला मनातून वाटत होतं, की हा माणूस आत्ता बेसूर व्हावा. एकदा तरी घसरावा. म्हणजे सोपं झालं असतं. पण नाही. सूर जिथं पाहिजे तिथंच पडत होता.

आणि कडूबाई? तिनं उजवा कान त्यांच्याकडं केला. डोळे मिटले. बोट तारेवर चालूच, आणि गालावरून पाणी हनुवटीपर्यंत. लाजली नाही, पुसलं नाही. लोकांना वाटलं, जिंकले बुवा. ओंकारच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

अभंग संपला. टाळ्या, विठ्ठलनामाचा गजर. बुवा उठले आणि परत वाकले.

कडूबाई परत एक पाऊल मागं.

"गानं लई गोड झालं," ती म्हणाली. "डोळ्यांतून पानी आलं माझ्या. आता बोला."

मग बुवांनी माईक घेतला आणि ते बोलले. मोठं सुंदर बोलले. म्हणाले, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं. तरुण वय असतं, साधनेची तंद्री असते. कळत नकळत कुणाचं मन दुखावलं गेलं असेल, तर भगवंत क्षमाशील आहे. पुढं मीरा आणली, जनाबाई आणली, मीपणा कसा सोडावा हे सांगितलं.

पहिल्या 'भांड्याला' कडूबाईची मान वळली होती. त्यांचं सगळं भाषण तिनं डाव्या कानानं ऐकलं. मंडपातल्या आमच्या लोकांना ती मान वळणं ठाऊक. एक बाई दुसरीला म्हणाली, "संपलं. विम्याचा एजंट झाला त्याचा." खसखस पिकली.

दिपाली तांब्याभर पाणी घेऊन आली. "आत्या, घोटभर घ्या. पाय दुखत असतील."

"दुखू दे."

बुवांचा पेटीवाला घड्याळ बघायला लागला. देवळाली प्रवरा काही जवळ नाही. बुवा सरळ निघून जाऊ शकले असते, कोण अडवत होतं? पण शाल घेतलेली, नारळ घेतलेला, चित्रण चालू, आणि वीणा न मिळता परत फिरायचं! आजूबाजूच्या सात गावांत त्याची गोष्ट झाली असती, आणि ती मी सांगितली असती.

तेव्हा बुवांनी माईक खाली ठेवला. चित्रणवाल्याला हातानं थांब म्हणाले. आणि कडूबाईच्या अगदी जवळ गेले. ती होती डावी बाजू त्यांच्याकडं करून. ते तिला वळसा घालून, पखवाजवाल्याच्या मागून, खांबाला धोतर घासत पलीकडं गेले, उजव्या बाजूला, आणि वाकून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायला लागले.

मी टाळ खाली ठेवला.

"बुवा," मी म्हणालो. माझा आवाज मुळात मोठा, वय झालं तरी. "बुवा, जन्माची बहिरी ना ती? मग कानात काय सांगताय?"

आधी कुणाला उमगलं नाही. मग मागून एक जण फुस्सकन हसला. मग बाया. मग ते हसू पुढं येता येता विरत गेलं, कारण बुवा तसेच वाकलेले राहिले होते. तिच्या उजव्या कानाशी, ज्या कानाकडं त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

मला गावानं आयुष्यभर खोटारडा म्हटलं, त्यावर माझी तक्रार नाही. पण त्या दिवशी मी एक प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न खोटा नसतो.

बुवा सरळ झाले. दाढीवरून हात फिरवला. कशामुळं बोलले, मला सांगता येणार नाही. फोन सगळ्यांच्याच हातात होते, त्यांची भीती असेल. वीणेसमोर उभं राहून खोटं बोलायची हिंमत झाली नसेल. किंवा असंही असेल, की इतक्या वर्षांनी तो कान एवढ्या जवळून बघितला. माईक न घेताच ते म्हणाले, "जन्माची बहिरी नव्हती."

"मोठ्यानं," कडूबाई म्हणाली. "माझा एकच कान हाय."

"जन्माची बहिरी नव्हती," बुवा म्हणाले, आणि तो आवाज माईकशिवाय मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत गेला. गवयाचाच आवाज तो. "माझ्या हातानं गेला तो कान. तांब्या पडला म्हणून."

"आन्‌ माझा बाप?"

"त्यांनी फसवलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी गजर केला नाही. ओंकार माईककडं असा बघत होता, जसं त्याला पहिल्यांदाच कळत होतं, की हे यंत्र कशासाठी असतं.

कडूबाईनं शब्द पाळला. बुवा वाकले, यावेळी ती मागं सरली नाही. त्यांनी तिच्या पावलांवर डोकं ठेवलं. वीणेच्या ठेवलं की तिच्या, हे त्यांचं त्यांना माहीत. ती खाली बघत नव्हती. मग तिनं वीणेचा पट्टा डोक्यावरून काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. तार क्षणभरही थांबली नाही. तिचं बोट सुटलं तिथं त्यांचं लागलं.

आता पाळी तिची. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं. सगळा मंडप तिच्याकडं बघत होता. मी तर श्वास असा रोखला होता, की माझ्या बंडीचं एक बटण तुटून पुढच्याच्या टोपीत पडलं.

कडूबाई वाकली. पण पायांपर्यंत गेलीच नाही. कमरेशीच थांबली, वीणेच्या भोपळ्याला दोन्ही हात लावले, त्यावर कपाळ टेकवलं, पुरतं. आणि उठून बायांच्या रांगेत जाऊन बसली. इतका वेळ उभी होती, की गुडघा मुडपेना. दिपालीनं धरून बसवली.

कुणी हरकत घेतली नाही. कशी घेणार? वीणेला पाय नसतात, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

बुवांनी वीणा गळ्यात घेऊन दुसरा अभंग म्हटला. खरं बोलल्यावर माणसाचा सूर जास्त खुलतो, असं सांगायला मला आवडलं असतं, ऐकायला गोडही लागलं असतं. तसं काही झालं नाही. बिघडलाही नाही. आधी होता तसाच होता, तितकाच गोड. त्या गोडव्याला त्यांच्या खोट्याचं कधी काही नव्हतं आणि त्यांच्या खऱ्याचंही काही नव्हतं. रांगेतून कडूबाईचा उजवा कान त्यांच्याकडं होता. अभंग झाल्यावर ते आभाराचं बोलायला लागले, तेव्हा ती दिपालीला म्हणाली, "चल, घरी दूध काढायचंय."

नंतर मी तिला विचारलं, की कानात काय म्हणाला तो?

"म्हनला, कडू, लोकांत नको, घरी येऊन माफी मागतो."

"मग?"

"मग काय. मारलं घरात हुतं. पन खोटं लोकांतच पसरवलं हुतं न्हवं?"

तिची धाकटी बहीण चार दिवसांनी भेटायला आली, सोबत नातीला घेऊन. दोघी बहिणी बापाच्या फोटोला हार घालून ओसरीवर बसल्या होत्या. मी वाटेनं चाललो होतो, मुद्दाम हळू चाललो, पण ऐकू काही आलं नाही. बोलतच नव्हत्या बहुतेक.

ओंकारनं फ्लेक्स उतरवला. फाडला नाही, कांद्याच्या ढिगावर झाकायला घेतला, कारण ताडपत्री महाग झालीय. बुवांचे अभंग आमच्या भोंग्यावर अजून लागतात. यावर पोरांत वाद झाला होता. कुणी म्हणालं बंद करा, कुणी म्हणालं चालू ठेवा. शेवटी सगळे कडूबाईकडं गेले. ती म्हणाली, "लावा की. फकस्त अभंगाआधी ते परमपूज्य म्हनू नका." एवढंच. आता नुसतं गाणं लागतं, नावाशिवाय.

आणि वीणेचं असं झालं, की दुसऱ्या दिवशी पहाऱ्याला आलेली दिपाली पाया पडायची विसरली आणि तिनंही भोपळ्यालाच कपाळ लावलं. मग तिच्या मागची. मग बापे. आता आमच्या गावात पहारा बदलताना कुणीच कुणाच्या पाया पडत नाही, वीणेच्या भोपळ्याला कपाळ लावतात. सप्ताहाला आलेले बाहेरचे लोक विचारतात, की ही प्रथा कुठली, किती जुनी? ओंकार त्यांना माझ्याकडं पाठवतो. मी घडलं तसं सांगतो, तर म्हणतात, "नाना, थापा नका मारू." मग मी सांगतो, की एका नाथपंथी साधूला पाय नव्हते आणि त्यानं वीणेवर बसून डोंगर ओलांडला. ते त्यांना पटतं. काही जण लिहूनही घेतात.

ही गोष्ट लिहून झाल्यावर मी कडूबाईला वाचून दाखवली. ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. मी सुरुवात केली, तेव्हा उजवा कान माझ्याकडं होता, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल, मलाही वाटलं. गाढव आलं, तशी तिची मान हळूच वळली. गाढव पारनेरला पोहोचेपर्यंत डावाच कान पुढं. मग परत उजवा झाला. फ्लेक्सपाशी, बटणापाशी आणि साधूपाशी जरा हलला. बाकी शेवटपर्यंत उजवाच राहिला.

वाचून झालं. तिनं शेंगांची टरफलं सुपात गोळा केली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बराय." ती म्हणाली. "पन दादा, एक ऱ्हायलं. पाय माझे लई दुखले हुते त्या दिवशी. आठ दिस तेल लावलं. ते लिव."